बोलका रोग आणि मुका रोग



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे पुष्प गुंफावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. एखादी लढाई, एखादा तह, एखादा थोर पुरुष. आम्ही आज जो इतिहास सांगणार आहोत तो मुठीएवढ्या एका अवयवाचा आहे. माणसाच्या हृदयाला जे अनेक रोग जडतात त्यांपैकी दोनच आज आपण घेऊ. एक दरवाजाचा आणि दुसरा नळाचा. दरवाजा म्हणजे हृदयाची झडप. ती अरुंद झाली म्हणजे आवाज करते. नळ म्हणजे खुद्द हृदयाला रक्त पुरविणारी धमनी. तिला वैद्यकाच्या मराठीत हृद्‌रोहिणी म्हणतात. ती तुंबत चालली तरी वर्षानुवर्षे गप्प राहू शकते. पहिला रोग बोलका, दुसरा मुका. हे दोन्ही एकाच छातीत वस्तीला आले म्हणजे काय होते? बोलक्याचे ऐकून घेतले जाते आणि मुका तसाच दडून राहतो. तो दडलेला असतो हे वैद्यकाला कसे कळले, कळायला एवढा काळ का लागला, आणि कळल्यावर ते ज्ञान कष्टकऱ्यांच्या वाट्याला किती आले, हा आजचा विषय.

आम्ही वैद्य नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात, सभांत नि मोर्च्यांत पुष्कळ झाले. कामगार संघटनेचे काम करणाऱ्याला कारखान्याच्या फाटकाइतकेच रुग्णालयाच्या बाकावर बसावे लागते. सभासद हातातला कागद पुढे करतो आणि विचारतो, "दादा, यात काय लिहिलं आहे?" त्याला धड उत्तर देता यावे म्हणून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. उपचार डॉक्टरांनीच सांगावा. आम्ही इतिहास सांगतो.

प्रथम हृदयाची रचना पाहू. वांद्र्याला ही रचना समजावून सांगायला फार कष्ट नकोत. मुंबईचा मोठा कत्तलखाना १९७१ च्या सुमारास देवनारला गेला, त्यापूर्वी तो येथेच होता, आणि वांद्रे बाजारात मटण घेणाऱ्या जुन्या माणसांनी बकऱ्याचे 'दिल' हातात धरून पाहिलेले आहे. ते चिरले तर आत चार कप्पे आणि चार झडपा दिसतात. डाव्या बाजूच्या दोन झडपा आपल्या विषयाशी निगडित आहेत. फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त खालच्या कप्प्यात सोडणारी द्विदल झडप, आणि तेथून ते महारोहिणीत, म्हणजे शरीराच्या मुख्य नळात, लोटताना उघडणारी महारोहिणीची झडप. आता ते दिल न चिरता बाहेरून पाहा. वेलीसारख्या बारीक वाहिन्या त्याच्या अंगावरून गेलेल्या दिसतात. हृदयातून अहोरात्र रक्ताचा पूर वाहतो, पण हृदयाचा जाड स्नायू त्या पुरातून आपली तहान भागवू शकत नाही. त्याला लागणारे रक्त या बारीक वाहिन्यांतूनच यावे लागते. साऱ्या शहराला पाणी पुरविणाऱ्या खात्यातल्या कामगाराच्या चाळीला मात्र एकच अर्ध्या इंचाचा नळ असावा, तसा हा प्रकार आहे.

आणि त्या नळालाही वेळ ठरलेली आहे. हृदयाचे ठोके मिनिटाला ७५ धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यातला सुमारे ०.३ सेकंद काम करण्याचा आणि ०.५ सेकंद विश्रांतीचा. स्नायू आवळलेला असतो तेव्हा त्याच्यात शिरणाऱ्या वाहिन्याही दाबल्या जातात. म्हणून डाव्या कप्प्याच्या स्नायूला त्याचे रक्त मुख्यत्वे मिळते ते विश्रांतीच्या वेळी. म्हणजे हृदय सुट्टीत जेवते! २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची प्रचंड सभा भरवली आणि त्याच वर्षी १० जूनला साप्ताहिक सुट्टी पदरात पाडून घेतली, हे आपण अभिमानाने सांगतो. सुट्टी ही चैन नव्हे, तीत माणसाची झीज भरून निघते, हे लोखंड्यांनी मालकांना पटवले. निसर्गाने हाच कायदा हृदयाला आधीच लागू केलेला आहे. दरवाजा अरुंद झाला म्हणजे हृदयाला जादा जोर लावावा लागतो, त्याचा स्नायू जाड होतो, त्याची भूक वाढते; आणि ठोके जलद झाले की जेवणाची सुट्टी मात्र घटते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा घोटाळा हिच्यातून निघाला.

आता इतिहासाकडे वळू. छातीतल्या त्या विशिष्ट दुखण्याचे पहिले नीट वर्णन लंडनच्या विल्यम हेबर्डन या वैद्याने १७६८ साली आपल्या व्यवसायबंधूंपुढे वाचले. चालताना, विशेषतः चढावर नि जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी दुखते आणि थांबले की दुखणे थांबते, हे त्याने टिपून ठेवले. परंतु हे दुखणे कोठून येते हे त्याला सांगता आले नाही. त्याचा उलगडा ज्यांनी केला त्यांत एक नाव मुंबईला परिचयाचे आहे. ते म्हणजे देवीची लस काढणारा एडवर्ड जेन्नर. १४ जून १८०२ रोजी हिंदुस्थानातली पहिली देवीची लस मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या ३ वर्षांच्या मुलीला टोचली गेली, ती याच जेन्नरच्या शोधामुळे. हा जेन्नर एकदा छातीच्या दुखण्याने मेलेल्या माणसाचे हृदय चिरत होता. सुरी कशावर तरी खरखरली. छत जुने होते, म्हणून गिलावा पडला की काय असे वाटून त्याने वर पाहिले. गिलावा पडला नव्हता. हृदयाच्या वाहिन्याच हाडासारख्या कठीण झाल्या होत्या.

जेन्नरला या शोधाचा आनंद झाला नाही, कारण त्याचे गुरू जॉन हंटर यांनाही तेच दुखणे होते. गुरूला धक्का बसू नये म्हणून त्याने आपला तर्क छापणे टाळले. १७९३ साली हंटर लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातल्या एका बैठकीत वादावादी होऊन कोसळले आणि गेले. त्यांचे हृदय चिरले तेव्हा जेन्नरचा तर्क खरा ठरला. मुक्या रोगाची ओळख अशी प्रथम प्रेताच्या साक्षीने पटली. जिवंत माणसात तो पाहण्याचे साधन नव्हते, आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षे ते मिळाले नाही.

बोलक्या रोगाचे नशीब मात्र लवकर उघडले. १८१६ साली पॅरिसच्या लाएनेकने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीवर टेकवली आणि दुसरे टोक कानाला लावले. त्या सुरळीतून आजची डॉक्टरांच्या गळ्यातली नळी जन्मली. अरुंद फटीतून जोराने जाणारे रक्त सळसळते, आणि कोणत्या झडपेत, ठोक्याच्या कोणत्या क्षणी ती सळसळ होते हे तयार कानाला समजते. उत्तम वैद्य म्हणजे उत्तम कान, असे शंभर वर्षे मानले गेले. तो मोठाच पराक्रम होता. परंतु प्रत्येक पराक्रम आपल्याबरोबर एक सवय आणतो. ऐकू आले ते रोगाचे कारण, आणि कारण सापडले की शोध संपला, ही ती सवय. तुंबलेली हृद्‌रोहिणी तशी सळसळ करीत नाही.

मुंबईत बोलक्या रोगाला राहायला जागा भरपूर होती. लहान मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने धरतो. घसा बरा होतो, पण काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांध्यांचा ताप येतो. हा ताप सांधे सुजवून निघून जातो, झडपेवर मात्र डाग ठेवून जातो. आणि असे ताप पुन्हापुन्हा आले की झडपेची पाने चिकटून दरवाजा अरुंद होतो. हा जंतू श्वासाश्वासाने पसरतो, म्हणून एका खोलीत जितकी माणसे अधिक तितके त्याचे फावते. दहा बाय बाराच्या खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे नांदवणाऱ्या चाळींनी या रोगाला शंभर वर्षे पोसले. त्याला झडपेच्या रोगाइतकेच घरभाड्याचा नि मजुरीचा रोग म्हणण्यास हरकत नाही. युरोपात घरे मोठी झाली, पेनिसिलीन आले आणि तो ओसरला. आपल्याकडे पिंपरीचा सरकारी पेनिसिलीनचा कारखाना स्थापन झाला तो १९५४ साली. पुढे १९६३ साली दिल्लीच्या डॉ. सुजॉय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या विलायती नियतकालिकात दाखवून दिले की, हिंदुस्थानात विशीच्या आतल्या मुलामुलींचीही द्विदल झडप अरुंद झालेली आढळते. पाश्चात्त्य देशांत जे तिशी-चाळिशीत दिसे, ते आपल्याकडे शाळेच्या वयात दिसत होते.

या मुलांना वाचवण्याचा मार्ग शस्त्रवैद्यांनी काढला. १९२५ साली लंडनच्या हेन्री सूटर यांनी धडधडत्या हृदयात बोट घालून अरुंद झडप मोकळी केली. पण त्यांच्याकडे पुन्हा कोणी रोगी पाठवला नाही. १९४८ साली मात्र अमेरिकेत बेली व हार्केन आणि लंडनमध्ये ब्रॉक यांनी काही महिन्यांच्या अंतराने हीच वाट पुन्हा उघडली. तेथून ती मुंबईला आली. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली उघडले ते गिरणगावाच्या कुशीत. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेथे हृदयाच्या शस्त्रक्रियेची परंपरा उभी केली. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांच्या पथकाने हृदयारोपण केले. दक्षिण आफ्रिकेतल्या बर्नार्ड यांच्या पहिल्या आरोपणानंतर तीन महिनेही उलटले नव्हते, आणि आशिया खंडातले ते पहिले होते. रोगी काही तासांपलीकडे जगला नाही. परंतु त्या आरोपणाची कीर्ती बाजूला ठेवली तरी, साध्या बोटाने मोकळ्या केलेल्या झडपांनी या देशात जे संसार वाचवले त्यांचे मोल अधिक आहे असे आम्ही मानतो. ते रोगी पंधरा ते तीस वयाचे असत. त्या वयात हृद्‌रोहिणी सहसा स्वच्छ असते. मुका रोग घरात नसल्यामुळे त्याचा शोध न घेता चालून जाई. दरवाजा उघडला, काम झाले.

घोटाळा झाला तो वयस्क रोग्यांत, आणि विशेषतः महारोहिणीच्या झडपेत. उतारवयात या झडपेवर चुना साचतो आणि ती दगडासारखी होते. तिच्या रोग्याला तीन गोष्टी होतात. छातीत दुखते, भोवळ येते, दम लागतो. अमेरिकेतले रॉस व ब्रॉनवाल्ड या दोघांनी १९६८ साली याचा हिशेब मांडला. शस्त्रक्रिया न केल्यास दुखू लागल्यापासून सरासरी सुमारे ५ वर्षे, भोवळ येऊ लागल्यापासून ३ आणि हृदय थकून दम लागू लागल्यापासून २ वर्षे हातात राहतात. आता यातले छातीत दुखणे पाहा. झडप अरुंद असली की स्नायू जाड नि भुकेला होतो, त्याची जेवणाची सुट्टी अपुरी पडते, आणि नळ अगदी स्वच्छ असूनही छाती दुखते. हे शास्त्राने खरे आहे. पण खऱ्या उत्तराच्या आड दुसरे खरे उत्तर लपू शकते. छाती दुखते कशाने? झडपेने. झडप अरुंद आहे का? होय, ऐकू येते. मग आणखी काय पाहायचे? अशा रीतीने बोलक्या रोगाने मुक्या रोगाची लक्षणेही आपल्या नावावर चढवून घेतली.

याच्या उलटही घडते. द्विदल झडपेच्या रोग्याला चार पायऱ्या चढताच दम लागतो, म्हणून तो चढतच नाही. श्रम नाहीत म्हणून छाती दुखण्याची वेळ येत नाही, आणि तुंबलेला नळ गप्प राहतो. मधुमेही माणसाच्या मज्जातंतू बोथट झाल्या असल्या तर त्याला दुखणे जाणवतच नाही. म्हणजे छाती दुखली तरी नळ स्वच्छ असू शकतो आणि न दुखली तरी तुंबलेला असू शकतो. हृदयाच्या विजेचा आलेख काढावा, तर जाड झालेल्या स्नायूमुळे तो आधीच बिघडलेला दिसतो. पट्ट्यावर पळवून पाहावे, तर महारोहिणीची झडप फार अरुंद झाल्याने त्रास होत असलेल्या रोग्याला पळवणे धोक्याचे. कान, आलेख, श्रम, तिन्ही साक्षीदार निकामी. नळ डोळ्यांनी पाहणे एवढाच मार्ग उरतो.

तो मार्ग सापडला तो अपघाताने, आणि आश्चर्य असे की झडपेच्याच एका रोग्याच्या छातीत सापडला. हृदयापर्यंत नळी जाऊ शकते हे जर्मनीच्या फोर्समानने १९२९ साली स्वतःच्याच शिरेत नळी घालून सिद्ध केले होते. परंतु हृद्‌रोहिणीत थेट रंगद्रव्य सोडले तर रोगी दगावेल, अशी साऱ्यांची समजूत होती. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड येथे डॉ. मेसन सोन्स सांध्यांच्या तापाने झडप बिघडलेल्या २६ वर्षांच्या एका तरुणाची तपासणी करीत होते. रंगद्रव्य सोडावयाचे होते महारोहिणीत. नळीचे टोक घसरले आणि सुमारे ३० घनसेंटिमीटर रंगद्रव्य उजव्या हृद्‌रोहिणीत गेले. हृदय थांबले. छाती फाडावी लागणार म्हणून सोन्स धावले. पण त्यांनी रोग्याला जोराने खोकायला सांगितले, तो खोकला, आणि हृदय पुन्हा चालू लागले. त्या क्षणी एक समजूत मेली आणि एक विद्या जन्मली. जिवंत माणसाची हृद्‌रोहिणी फांदीन् फांदी चित्रात उमटली होती. तिलाच आज आपण अँजिओग्राफी म्हणतो. पुढे काही वर्षांतच, १९६७ साली, त्याच क्लीव्हलंडमध्ये फाव्हालोरो यांनी पायाची शीर काढून तुंबलेल्या नळाला वळसा देण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. नळ दिसू लागल्यावरच त्याची दुरुस्ती शक्य झाली.

मग झडपेच्या रोग्यांचे नळ पाहिले जाऊ लागले, तेव्हा मुका रोग किती दडला होता हे उमगले. महारोहिणीची झडप चुन्याने अरुंद झालेल्या वयस्क रोग्यांत तिघांत एकाच्या, काही पाहण्यांत दोघांत एकाच्या हृद्‌रोहिणीही तुंबलेल्या निघाल्या. यात नवल नाही. झडपेवर चुना चढवणारी कारणे आणि नळ तुंबवणारी कारणे पुष्कळशी एकच आहेत. वाढते वय, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी. आणि हा दडलेला रोग शस्त्रक्रियेच्या मेजावर फसवतो. झडप बदलताना हृदय काही काळ थांबवावे लागते. तुंबलेल्या नळापलीकडच्या स्नायूला त्या वेळी नीट संरक्षण मिळत नाही. झडप नवी बसते आणि स्नायू मरतो! म्हणून जगभर दंडक पडला आहे. झडपेच्या शस्त्रक्रियेपूर्वी चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाच्या, पाळी थांबलेल्या स्त्रीच्या, आणि मधुमेह, तंबाखू, छातीतले दुखणे अशी शंका घेण्याजोगी कारणे असलेल्या कोणाच्याही हृद्‌रोहिणी पाहून घ्याव्यात. रोग निघाला तर एकाच वेळी छाती उघडून झडपही बदलावी आणि नळालाही वळसा द्यावा.

हा इतिहास अजून पुरा झालेला नाही. १९६० साली अमेरिकेत स्टार व एडवर्ड्स यांची कृत्रिम झडप यशस्वी झाली. आपल्याकडे डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने स्वदेशी झडप घडवली आणि १९९० साली ती प्रथम माणसाला बसवली. २००२ साली फ्रान्सच्या क्रिबिए यांनी छाती न उघडता नळीवाटे महारोहिणीची झडप बसवून दाखवली. अशा रोग्याच्या नळात अडथळा सापडला तर स्टेंट घालावा की नुसत्या औषधांवर ठेवावे, हा नवा प्रश्न उभा राहिला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्टेंटचा फायदा दिसला नाही. २०२४ साली नॉर्डिक व बाल्टिक देशांतल्या ४५५ रोग्यांच्या चाचणीत, नळ मोठ्या प्रमाणावर अरुंद असलेल्यांना स्टेंटचा फायदा दिसला, मात्र रक्तस्राव अधिक झाला. सांगण्याचा मुद्दा हा की, सापडलेल्या रोगाचे काय करावे यावर तज्ज्ञांत मतभेद असू शकतात, पण तो आहे की नाही हे पाहावे यावर फारसा मतभेद नाही.

आता आपल्या वांद्र्याकडे येऊ. खाडीच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले आणि त्यात हृदयाची नामांकित रुग्णालयेही आली. त्याच संकुलाच्या कडेला भारत नगर आहे, स्टेशनाला लागून बेहरामपाडा आहे. सांध्यांच्या तापाला लागते ती दाटीवाटी तेथे आजही आहे, आणि हृद्‌रोहिणीचा रोग, जो एके काळी गादीवर बसणाऱ्यांचा समजला जाई, तो आता रिक्षावाल्याच्या, पहारेकऱ्याच्या नि हमालाच्या घरी आला आहे. लहानपणी ताप येऊन झडप बिघडलेला मुलगा पूर्वी विशीत जात असे. आता औषधांनी नि शस्त्रक्रियेने तो पन्नाशीपर्यंत जगतो, आणि पन्नाशीत मुक्या रोगाची गाठ पडते. गरिबाचा जुना रोग आणि श्रीमंताचा म्हणवला जाणारा नवा रोग एका छातीत भेटतात, ते या वस्त्यांत.

आमच्या संघटनेचा मालाची चढउतार करणारा एक सभासद पन्नाशी उलटलेला होता. त्याला दम लागे, छाती भरून येई. झडप अरुंद असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली तेव्हा घरचे अडून बसले. "दुखणं झडपेचं, मग नळाचा खर्च कशाला? यात काही तरी काळंबेरं आहे," असे त्याचा भाऊ म्हणाला. आम्ही त्यांच्यासमवेत बसलो आणि आज आपणांस सांगितली तीच दरवाजाची नि नळाची गोष्ट सांगितली. तपासणी झाली, तीन मुख्य नळांपैकी दोन तुंबलेले निघाले. एकाच शस्त्रक्रियेत दोन्ही कामे उरकली. त्याने हमाली सोडली, पण तो आज आहे.

त्या भावाचा संशय आम्ही वेडा म्हणणार नाही. नको त्या तपासण्या होतात, हे लोक अनुभवाने जाणतात, आणि गरिबाचा संशय हा त्याच्या फसवणुकीचाच इतिहास असतो. म्हणून दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. विशीतल्या मुलीची द्विदल झडप अरुंद असेल आणि शंकेला दुसरे कारण नसेल, तर तिला सहसा ही तपासणी लागत नाही. धोका कमी असलेल्या रोग्याचे नळ आता सीटी यंत्रानेही पाहता येतात. रंगद्रव्याने काहींच्या मूत्रपिंडाला इजा होते, म्हणून आधी रक्त तपासावे लागते. संशयाचे औषध नकार हे नव्हे, प्रश्न हे आहे. "माझ्या वयाला नि माझ्या रोगाला ही तपासणी का हवी, आणि अडथळा निघाला तर पुढे काय करणार?" हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक रोग्याला आहे, आणि चांगला डॉक्टर त्याचे उत्तर देतो.

राहिला पैशाचा प्रश्न. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आजारी पडणे हा कामगाराचा गुन्हा नव्हे, हे तत्त्व त्या दिवशी मान्य झाले. पण जानेवारी २०१७ मध्ये तिच्यासाठी पगाराची मर्यादा मासिक २१,००० रुपये ठरली. त्याहून चार पैसे अधिक मिळवणारा बाहेर पडतो आणि कंत्राटी कामगाराचे नाव पुष्कळदा नोंदवलेच जात नाही. राज्यात २ जुलै २०१२ रोजी मुंबई व उपनगरांसह आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ पासून तिला महात्मा फुल्यांचे नाव आहे. झडप बदलणे आणि नळाला वळसा देणे, दोन्ही तीत बसतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये बांधून दिली. हे सारे कोणी दान दिलेले नाही, ते मागण्यांचे फळ आहे. आता पुढची मागणी अशी हवी की, कामगारांच्या आरोग्य शिबिरात कानाने ऐकून नि आलेख काढून हात झटकू नयेत. जेथे झडपेची सळसळ ऐकू येईल तेथे पुढच्या पूर्ण तपासणीची जबाबदारीही शिबिर भरवणाऱ्याने घ्यावी. कोणत्याही करारात वैद्यकीय सवलतीचे कलम लिहिताना 'शस्त्रक्रिया' या शब्दाआधी 'तपासणी' हा शब्द पडला पाहिजे.

मित्रहो, संघटनेच्या कामात आम्ही एक गोष्ट शिकलो. सभेत जो मोठ्याने बोलतो त्याचे गाऱ्हाणे लवकर सुटते. कोपऱ्यात गप्प बसलेल्याचे गाऱ्हाणे अनेकदा त्याहून मोठे असते, पण त्याच्यापर्यंत जाऊन विचारावे लागते. हेबर्डनपासून सोन्सपर्यंत एकशे नव्वद वर्षे वैद्यकाने हाच धडा गिरवला. आपल्या घरात कोणाच्या झडपेचा आवाज डॉक्टरांनी ऐकला असेल, आणि त्याने चाळिशी ओलांडली असेल, तर पुढच्या खेपेस एवढेच विचारा, "नळ पाहिले का?"